कराटेचा ड्रेस, आठ महिन्यांचा वापर : कापडाबद्दल तक्रार नाही, कमरेच्या इलॅस्टिकबद्दल आहे

मागच्या रविवारी मुलीची यलो बेल्टची परीक्षा झाली, आणि त्यात जे झालं त्यामुळे हे लिहायला बसलेय. ती हेइआन शोदान करत होती, 21 मूव्ह्जची काता (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली), रोज घरी सोफा सरकवून पाठ केलेली, आणि निम्म्यावर आल्यावर पॅन्ट घसरायला लागली. सरांनी हात वर करून थांबवलं. तिने वाकून रेई म्हणजे नमस्कार केला, सरांकडे पाठ केली, एक गुडघा टेकला, पॅन्ट वर ओढून ती नावापुरती दिलेली बारीक नाडी दोन गाठी मारून बांधली, बेल्टची दोन्ही टोकं ओढून सारखी केली, उठली, वळली, परत रेई, आणि काता पहिल्यापासून. हॉलमध्ये चाळीस पोरं होती, एकही हसलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते, माझेच हात गार पडलेले.

तर ड्रेसबद्दल. जूनमध्ये ऑनलाइन घेतला, 850 रुपये, आठ औंसवाला (म्हणजे पातळ कापडाचा, औंस जास्त तितकं कापड जाड), बेल्टसकट. क्लासमधून घेतला असता तर 1400. सर म्हणाले होते कुठूनही आणा, फक्त पांढरा आणि साधा पाहिजे. उंची 132 म्हणून 140 चा मागवला, ते बरं केलं, दोन धुण्यांत बाह्या चांगल्या बोटभर आटल्या. नवीन असताना खळीने पुठ्ठ्यासारखा होता, रात्रभर गार पाण्यात भिजवल्यावर मऊ पडला.

कमरेचं इलॅस्टिक मात्र ऑगस्टमध्येच सैल. आता तुम्ही म्हणाल इलॅस्टिकचं काय एवढं, पण या क्लासमध्ये कपडे नीट करायचे तर सरांकडे तोंड करून करायचे नाहीत, पाठ फिरवून करायचे, ही शिस्त आहे. म्हणजे पॅन्ट सरकली की पोरीने दर वेळी रेई, वळणं, टेकणं, उठणं हे सगळं करायचं. एका तासात सहा-सात वेळा. बाकीची पोरं पंच मोजतायत आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलीय. दोनदा रडत घरी आली. मी विक्रेत्याला चार मेल केले, फोटो पाठवले, उत्तर काय तर रिटर्नचे दहा दिवस संपलेत आणि इलॅस्टिक वॉरंटीत येत नाही. त्याच दिवशी एक स्टार दिला होता.

तो स्टार आता बदलतेय, आणि कारण सांगते. एक तर सुरुवातीला मी तो मशीनला गरम पाण्यात लावत होते, पांढरा आहे म्हणून, आणि गरम पाण्याने इलॅस्टिक लवकर मरतं हे मला टेलरने सांगितलं. दुसरं म्हणजे साताऱ्याचा पाऊस. क्लास सोम-बुध-शुक्र, आणि ड्रेस दर वेळी धुतलेलाच पाहिजे, कारण जोडीने सराव असतो, समोरच्याला घामाचा वास द्यायचा नाही. शेजारच्या मुलाचा बारा औंसचा जुलैमध्ये दोन-दोन दिवस पंख्याखाली वाळत असायचा, शेवटी ओलसरच इस्त्री करून घालायचा. आमचा रात्री टाकला की सकाळी कोरडा. जाडच घ्या असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि जुलैपर्यंत मला पस्तावाही होत होता. पण हा ड्रेस आलाय ज्युडोवरून, 1922 मध्ये कराटेचे गुरू फुनाकोशी गिचिन यांनी टोकियोत कराटे दाखवलं त्या सुमाराला. ज्युडोत कपडा धरून ओढतात म्हणून तो जाड, कराटेत तशी ओढाओढ नाही. शिकणाऱ्या पोराला आठ औंस पुरतो, निदान आमच्या हवेत तरी. आठ महिन्यांत जॅकेटची एक शिवण उसवलेली नाही.

जॅकेटला आतून बंद आहेत ते बघून आमचे आबा (माझे सासरे) म्हणाले, ही तर बाराबंदीच की. आबा कराडकडचे, खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरजवळचे, लहानपणी तालमीत गेलेले. मुलीने पहिल्या दिवशी उजवी बाजू वर घेतली होती, सरांनी स्वतः सोडून डावी वर करून दिली, जपानात उजवी वर फक्त मयताला नेसवतात म्हणे. आबांनी ते ऐकलं तेव्हापासून निघताना तेच तपासतात. नखं, कानातले काढलेत का, तेही. एकदा हिला उशीर झाला, तर दाराशी गुडघे मोडून बसली, सरांनी मान हलवल्यावर उठली आणि वाकून आत गेली. आबा बाहेरून बघत होते. म्हणाले, आम्ही माती कपाळाला लावल्याशिवाय आखाड्यात पाय ठेवत नव्हतो.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेत टेलरकडे गेले. त्याने इलॅस्टिक पूर्ण काढलं, सलवारीला घालतो तशी जाड सुती नाडी ओवली, टोकाला गाठ आणि मधे मागच्या बाजूला टाका मारला, म्हणजे धुताना नाडी आत जात नाही. 60 रुपये. काल तासाभरात एकदाही वळावं लागलं नाही.

साडेतीन स्टार. घ्यायचा असेल तर घ्या, पण 60 रुपये बाजूला ठेवा आणि पहिल्या क्लासच्या आधीच नाडी घालून घ्या. परीक्षेत ती पास झालीय, पिवळा बेल्ट शुक्रवारी मिळणार आहे.