पडद्यामागचा फासा की टेबलावरचा फासा: गेम मास्टरने काय निवडावं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळातली पहिल्या लेव्हलची चार पात्रं, समोर एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे जीव, 8; आर्मर क्लास, म्हणजे फटका लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, 12. ओगर सोटा उगारतो, खेळ चालवणारा गेम मास्टर (जीएम) पडद्यामागे डी20, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकतो आणि 20 येतो, म्हणजे क्रिटिकल फटका. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या नियमांत ओगरचा साधा फटका 2डी8+4 चा असतो, म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे टाकून बेरजेत 4 मिळवायचे. क्रिटिकलला तो 4डी8+4 होतो, सरासरी 22. पात्र शून्यावर आल्यावर शिल्लक राहिलेलं नुकसान त्याच्या कमाल हिट पॉइंटएवढं किंवा त्याहून जास्त असेल, तर पात्र जागीच मरतं. या विझार्डसाठी ती रेषा 16 ची, आणि 4डी8+4 मध्ये 16 किंवा जास्त पडण्याची शक्यता 92 टक्के. आता जीएमने खरा आकडा सांगायचा, की "हुकला" म्हणायचं?

हा प्रश्न त्या क्षणी सोडवायला घेतला तर उत्तर घाईत दिलं जातं. कोणत्या पद्धतीने खेळायचं ते मोहीम सुरू होण्याआधीच ठरवावं.

लपवून टाकणं आणि गरज पडली तर बदलणं

ही पद्धत खेळाइतकीच जुनी आहे. 1979 च्या डन्जन मास्टर्स गाइड या जीएमसाठीच्या पुस्तकात खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी फाशावर मात करण्याचा हक्क जीएमला स्पष्टपणे दिला होता. 2014 चं गाइडही लागोपाठ दोन क्रिटिकलनी पात्र मरत असेल तर दुसरा साधा फटका करण्याची मुभा देतं, पण हे वारंवार करू नका आणि खेळाडूंना कळू देऊ नका, असंही सांगतं. पहिला इशारा योग्यच आहे. दुसरा मात्र आम्हाला पटत नाही. "या टेबलावर मी क्वचित आकडा बदलेन, चालेल का?" एवढं पहिल्या बैठकीत विचारून घेतलं की पुढे फसवणुकीचा प्रश्न राहत नाही. नेमकं कधी बदललं ते सांगायची गरज नाही, पण बदलण्याला सगळ्यांची संमती हवी.

या पद्धतीचा खरा उपयोग जीएमची स्वतःची चूक सावरायला होतो. वरची लढतच घ्या. पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी 'डेडली' (जीवघेणी) पातळी 400 एक्सपीला (शत्रूला हरवून मिळणारे अनुभवगुण) सुरू होते आणि एकटा ओगर 450 चा आहे. म्हणजे लढत मांडली तेव्हाच ती हाताबाहेर गेली होती, 20 ने ते फक्त उघड केलं. खेळाडू अगदी नवखे असतील आणि पहिल्याच तासात कुणाचं पात्र जात असेल, तर असा फटका सौम्य करण्यात काही गैर नाही.

बिघडतं ते पुढे. खेळातल्या कितीतरी क्षमता खऱ्या आकड्यावर बेतलेल्या असतात. शील्ड हा मंत्र फटका लागल्यावर प्रतिक्रिया म्हणून वापरतात आणि आर्मर क्लास 5 ने वाढतो. लोर कॉलेजच्या बार्डचे (गायक-जादूगाराचे) कटिंग वर्ड्स शत्रूच्या रोलमधून आकडा वजा करतात. डिव्हिनेशन विझार्ड सकाळी टाकून ठेवलेले दोन डी20 दिवसभर जपून वापरतो. जीएमने 10 चा गुपचूप 4 केला की शील्डसाठी राखून ठेवलेला स्पेल स्लॉट (मंत्र वापरण्याची मोजकी संधी) बिनकामाचा ठरतो, आणि ज्या खेळाडूने ती क्षमता विचारपूर्वक निवडली, त्याच्या निवडीची किंमत कमी होते. अशी दोन पात्रं टेबलावर असतील तर आमचा कौल सरळ उघड्या फाशाला.

शिवाय हे लपून राहत नाही. ओगरच्या हल्ल्याच्या फाशात 6 मिळवतात (+6), म्हणजे आर्मर क्लास 12 च्या विझार्डला तो 75 टक्के वेळा लागायला हवा. सलग पाच वेळा हुकण्याची शक्यता 1024 मध्ये एक. खेळाडू हे गणित मांडत बसत नाहीत, पण त्यांना वास येतो. जीएमची लकबही बोलते: फासा पाहिला, नजर वर करून खेळाडूकडे पाहिलं, क्षणभर थांबला, मग निकाल सांगितला. खरे आकडे असे थांबून सांगितले जात नाहीत.

सगळ्यांत जड बाजू वेगळीच आहे. एकाला वाचवलं की त्यानंतरचा प्रत्येक मृत्यू जीएमचा निर्णय ठरतो. तिसऱ्या बैठकीत विझार्डला वाचवलं आणि नवव्या बैठकीत फायटर गेला, तर फायटरच्या खेळाडूने "मग मला का नाही?" असं विचारणं रास्तच आहे.

हिट पॉइंटचंही तसंच. ओगरचे पुस्तकातले 59 हे 7डी10+21 ची सरासरी आहे, म्हणजे 28 ते 91 मधला कुठलाही आकडा लढतीआधी लिहून ठेवणं नियमात बसतं. लढत रंगली म्हणून मध्येच 59 चे 80 केले, तर पॅलाडिनने (धर्मयोद्ध्याने) शेवटचा स्माइट, म्हणजे राखून ठेवलेला जोरदार फटका, नेमका हेरून मारल्याला अर्थ उरत नाही.

संमती घेऊन हीच वाट धरणार असाल, तर बंधनं कडक ठेवा. एका बैठकीत एकदाच. शक्यतो फटका लागला की नाही ते बदलू नका, नुकसान कमी करा. खेळाडूंच्या रोलला कधीच हात लावू नका, आणि पात्रांच्या विरोधात आकडा वाढवू नका. एखादा निकाल मुळातच नको असेल तर त्यासाठी फासाच टाकू नका.

उघडा फासा

इथे फासा सगळ्यांसमोर ट्रेमध्ये पडतो. टाकण्याआधी जीएम सांगतो: "ओगर विझार्डवर, +6, लागला तर 2डी8+4." आर्मर क्लास समोर असतो, टेबल श्वास रोखून बघतं, आणि 5 पडला तर सुटकेचा आनंद खरा असतो. हा ताण पडद्यामागून तयार करता येत नाही. जीएमचं ओझंही हलकं होतं: कुणाला वाचवायचं ते त्याला ठरवावं लागत नाही, आणि तो शत्रूला मन लावून खेळवू शकतो.

त्याची किंमत तयारीत मोजावी लागते. 20 ची शक्यता 5 टक्के म्हणजे थोडी वाटते, पण तीन गॉब्लिन चार फेऱ्या लढले तर बारा हल्ले होतात आणि त्यांत किमान एक 20 येण्याची शक्यता 46 टक्के असते. म्हणून पहिल्या दोन लेव्हलना एका फटक्यात मोठं नुकसान करणारे शत्रू टाळा, किंवा मोहीम तिसऱ्या लेव्हलपासून सुरू करा. नुकसान टाकण्याऐवजी छापील सरासरी वापरणं हाही चांगला उपाय: ओगरचे 13 या विझार्डला आडवं करतात, पण जागीच मारत नाहीत. 2डी8+4 टाकलेत तर साध्या फटक्यातही 16 गाठण्याची शक्यता 23 टक्के आहे.

काही रोल मात्र उघड्या टेबलावरही लपवावेत. सापळा शोधताना 2 पडलेला दिसला की "काही नाही" या उत्तरावर कुणी विश्वास ठेवत नाही. इथे लपवायचं ते फक्त माहितीसाठी, आकडा तोच राहतो.

आकडा तोच, परिणाम वेगळा

बऱ्याच जणांना हवी असते ती ही तिसरी वाट. 1981 च्या बेसिक नियमांत प्रत्येक शत्रूला मोराल (धैर्याचा) आकडा असतो. पहिला साथी पडल्यावर आणि निम्मे गारद झाल्यावर 2डी6 टाकायचे, बेरीज मोरालपेक्षा जास्त आली तर शत्रू पळतो किंवा शरण येतो. मोराल 8 असेल तर ही शक्यता सुमारे 28 टक्के. शत्रू खंडणीसाठी कैद करू शकतो, लूट उचलून निघून जाऊ शकतो. विझार्ड आडवा झाला, की ओगर त्याला खांद्यावर टाकून गुहेकडे वळतो: फासा खरा राहिला आणि पुढच्या बैठकीचा विषयही मिळाला.

काही खेळांनी तर ही सूट खेळाडूंच्याच हातात दिली आहे. 1986 च्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये फेट पॉइंट खर्चून मृत्यू चुकवता येतो, सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये बेनी नावाचं टोकन देऊन रोल पुन्हा टाकता येतो. 2010 च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये जीएम फासे टाकतच नाही, त्यामुळे हा वादच उद्भवत नाही. डी अँड डीतल्या ड्रॅगनचा लेजंडरी रेझिस्टन्सही याच जातीचा: फसलेला सेव्ह (मंत्रासारख्या धोक्यातून वाचण्याचा रोल) यशस्वी करायची मुभा, दिवसातून तीनदा, उघडपणे मोजून. खेळाडू ते तीन संपवायची योजना आखतात. गुपचूप बदललेल्या सेव्हविरुद्ध त्यांना काहीच आखता येत नाही.

आधीच लपवून खेळत असाल तर

लढतीच्या मध्येच पडदा काढू नका. बैठकीच्या सुरुवातीला सांगा की आजपासून हल्ले आणि नुकसान उघडं पडेल, आणि मरू शकतील अशा पात्रांच्या खेळाडूंना उपचाराची औषधं, पळवाटा, दुसरं पात्र यांची तयारी करायला एक बैठक द्या. पहिली उघडी लढत 'मीडियम'च्या उंबरठ्यापलीकडे नेऊ नका: पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी 200 एक्सपी. इथे शत्रूंची संख्याही मोजा, कारण 50-50 चे चार गॉब्लिन बेरजेने 200 होतात, पण तीन ते सहा शत्रूंसाठीच्या दुपटीने 400 वर जातात, आणि तिथे डेडली सुरू होतं. दोन गॉब्लिन दीडपटीने 150 ला बसतात. तिथून सुरुवात करा.