वेगळे प्राणी आणि भाड्याचं घर: कोणता फ्लॅट कुणाला मानवतो

जाहिरातीत ‘पाळीव प्राणी चालतील’ असं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुत्रा नाहीतर मांजर असतं. बॉल पायथन (अजगराची एक छोटी जात), बिअर्डेड ड्रॅगन (एक सरडा), टॅरंटुला (मोठा केसाळ कोळी), ॲक्सोलॉटल (पाण्यात राहणारा उभयचर) किंवा काकाकुवा पाळणाऱ्याने तेवढ्या ओळीवर विसंबू नये. घरं बघायला लागण्याआधी आपल्याकडची जात त्या भागात पाळायला कायद्याने परवानगी आहे का आणि परवाना किंवा नोंदणी लागते का, हे पाहून घ्या. कायद्याने मनाई असेल तर मालकाच्या होकाराचा काही उपयोग नाही. कागद नीट असतील तर त्यांची प्रत पहिल्याच भेटीत दाखवा, निम्मी धास्ती तिथेच जाते.

मालक एकटा की व्यवस्थापन कंपनी?

एकट्या मालकाशी बोलणं होऊ शकतं. प्राण्याच्या पेटीचा फोटो, कुलूप आणि आधीच्या घरमालकाचं पत्र दाखवलं की बरेचदा होकार मिळतो. पण हा होकार तोंडी राहतो आणि घर विकलं गेलं की नवा मालक हात वर करतो. कंपनीकडे छापील नियम असतात. त्यात प्राण्यांची यादी असते, वजनाची मर्यादा असते आणि सरपटणारे प्राणी बरेचदा सरसकट वगळलेले असतात. तिथे नकार लवकर येतो, पण होकार मिळाला तर तो कागदावर असतो. माणूस मोकळा वाटला तर एकटा मालक आम्हाला जास्त पसंत. मात्र होकार भाडेकरारात उतरल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. इमारतीच्या समितीचे वेगळे नियम असतील तर तेही आधी वाचा, कारण मालकाने हो म्हटलं तरी समिती अडवू शकते.

कलमात मोघमपणा नको. ‘बॉल पायथन, संख्या १, १२० सेंमी लांबीच्या कुलूपबंद पेटीत’ असं जात, संख्या आणि माप धरून लिहून घ्या. खाद्यही लिहा. फ्रीजरमधले गोठवलेले उंदीर किंवा डब्यातले जिवंत रातकिडे पुढे कुणाला दिसले, की भांडण प्राण्यावरून न होता त्यांच्यावरूनच होतं.

तळमजला, मधला की वरचा?

खरा फरक मजल्याने पडतो, आणि नेमका तोच बघायचा राहून जातो.

आधी वजन. ९० × ४५ × ४५ सेंमीची पाण्याची काचेची टाकी वरून ५ सेंमी रिकामी ठेवली तरी तिच्यात सुमारे १६० लिटर, म्हणजे १६० किलो पाणी असतं. काच, खडी आणि स्टँड धरून एकूण भार अडीचशे किलोच्या आसपास जातो, तोही ०.४ चौरस मीटर जागेवर. घरातली जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास पसरलेल्या भाराच्या हिशोबाने बांधलेली असते. भार पसरत असल्याने सुस्थितीतल्या काँक्रीट स्लॅबवर, भिंतीलगत एवढी टाकी सहसा चालते. जमीन लाकडी असेल तर टाकी खालच्या तुळयांना आडवी ठेवा, म्हणजे भार अनेक तुळयांवर वाटला जाईल. याच्या दुप्पट टाकी ठेवायची तर तळमजलाच बघा, नाहीतर इंजिनिअरचं मत घ्या. गळतीचाही विचार हवा. १६० लिटर पाणी ४० चौरस मीटरच्या घरात पसरलं तर थर जेमतेम ४ मिलिमीटरचा होतो. तेवढं खालच्याचं छत खराब करायला पुरेसं आहे. विमा घेताना टाकीतून झालेलं नुकसान त्यात धरलं आहे का, हे लेखी विचारून घ्या.

मग उष्णता. वरच्या मजल्याचं छत दिवसभर तापतं आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतं. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. पाणी २२-२३ च्या वर गेलं की तो खाणं सोडतो आणि बुरशीला बळी पडतो. चिंचिलाला (दाट केसांचा, उंदराच्या कुळातला प्राणी) २५ अंशांपुढे उष्माघाताचा धोका, सशाला २८ च्या पुढे. या तिघांसाठी वरचा मजला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, वाचलेलं भाडं चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) आणि एसी खाऊन टाकतील. बिअर्डेड ड्रॅगनला ऊन शेकायची जागा ३८ ते ४२ अंशांची लागते, तरी पेटीची थंड बाजू पंचविशीत हवी. खोलीच ३५ ला पोचली तर त्याला पळायला जागा उरत नाही. म्हणून घर दुपारी ३ वाजता, ऊन असताना बघा. खिडक्या बंद करून थर्मामीटर सावलीच्या भिंतीशी अर्धा तास ठेवा. सकाळच्या फेरीत यातलं काही कळत नाही.

आवाजाचं गणित उलटं. काकाकुवा किंवा कोन्युअर (एक छोटा पोपट) पहाटे आणि सांजवेळी ओरडणारच, तो त्यांचा स्वभाव आहे. मधल्या फ्लॅटला वर, खाली आणि बाजूंना शेजारी असतात. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटला ते कमी, त्यामुळे पक्ष्यांसाठी तो सरस. पडदे आणि गालिचे खोलीतला घुमारा कमी करतात, भिंतीपलीकडे जाणारा आवाज फारसा अडवत नाहीत. पिंजरा सामाईक भिंतीपासून लांब ठेवा.

वीज

१०० वॅटचा हॅलोजन आणि ३९ वॅटची यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) नळी रोज १२ तास चालली तर दिवसाला सुमारे १.७ युनिट जातात. भार मोठा नाही. जुन्या इमारतीत दुखणं असतं ते अर्थिंगचं. टाकीजवळच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचं गळतीसंरक्षण (वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच) आहे का ते बघा आणि नसेल तर बसवून द्यायचं करारात घाला. यूव्हीबी खिडकीच्या काचेतून जवळपास येतच नाही, तेव्हा ‘घरात भरपूर ऊन येतं’ हे ऐकून दिवा वगळू नका.

फवारणी आणि धूर

नव्या, नीट राखलेल्या संकुलात ठरलेल्या तारखांना पेस्ट कंट्रोल होतं. तिथल्या पायरेथ्रॉइड (एक प्रकारचं कीटकनाशक) फवाऱ्याने टॅरंटुला मरतो, आणि मासे व कोळंबी यांना तो घातक असतो. फिप्रोनिल हे दुसरं कीटकनाशक सशाला चालत नाही. टाकीचा हवापंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणून नुसतं झाकण लावून भागत नाही, फवारणीच्या वेळी पंपही बंद करावा लागतो. करारात दोन गोष्टी मागा: ७२ तास आधी लेखी सूचना, आणि तुमच्या फ्लॅटमध्ये फवाऱ्याऐवजी जेल. छोट्या जुन्या इमारतीत हे सहज मिळतं. मोठ्या संकुलात ठेकेदार आधीच ठरलेला असतो, तिथे अडतं.

पक्षी असेल तर स्वयंपाकघराचा डक्ट (धूर बाहेर नेणारी नळी) सामाईक आहे का ते विचारा. नॉनस्टिक भांडं रिकामं तापत राहिलं की निघणारी वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते, आणि भांडं शेजाऱ्याचंही असू शकतं. सामाईक डक्टचं घर पक्ष्यासाठी आम्ही सोडून देतो, बाकी कितीही चांगलं असलं तरी.

मग कुणी काय घ्यावं?

मोठी टाकी, ॲक्सोलॉटल, कासव किंवा ससा असेल तर तळमजला, शक्यतो एकट्या मालकाचा. सशासाठी जमिनीवर घसरत नाहीत अशा सतरंज्या घाला आणि वायरींवर कडक नळी चढवा, भिंतीच्या तळाची कुरतडलेली पट्टी डिपॉझिटमधूनच कापली जाते. बिबट्या गेको (ठिपकेदार पालीची एक जात), बॉल पायथन आणि टॅरंटुला यांना कुठलाही मजला चालतो. त्यांच्यासाठी घराची निवड करार आणि फवारणी पाहून करा. त्यातही टॅरंटुलासाठी ७२ तासांची अट मान्य नसेल तर ते घर नको. पक्ष्यांना वरचा कोपरा आणि स्वतंत्र डक्ट. घरात ५ वर्षांखालचं मूल असेल आणि सरपटणारा प्राणी असेल, तर स्वयंपाकघराच्या सिंकपासून वेगळा नळ कुठे आहे ते पाहा. साल्मोनेलाचा धोका असल्यामुळे पेटीची भांडी स्वयंपाकघरात धुवायची नसतात. एकाच खोलीच्या घरात अशा नळाची सोय न्हाणीघरातच करावी लागते.