आधी कड दाखवा, मग बोली: ऑनलाइन नाणे-लिलावात चौदा महिने

लिलाववाले नाण्याचे दोन फोटो देतात, छापा आणि काटा. कडेचा फोटो सहसा कुणी देत नाही. या एका गोष्टीपायी गेल्या पावसाळ्यात माझे तीन आठवडे गेले, म्हणून हे लिहायला बसले. नोंदणी, केवायसी, डिपॉझिट हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

संग्रह माझा नाही, सासऱ्यांचा. अण्णा १८३५ ते १९४७ पर्यंतचे रुपये तारखावार जमवतात. पारख त्यांची, फोनवर बोली लावणारी बोटं माझी आणि पैसे त्यांच्या पेन्शनचे, त्यामुळे हात आखडताच असतो. प्रत्येक लॉटची, म्हणजे लिलावातल्या प्रत्येक नगाची, कमाल रक्कम मी कालनिर्णयाच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवते आणि त्यापुढे जात नाही. म्हणजे, सहसा जात नाही.

पूर्वी अण्णा मिरजेहून रात्रीच्या गाडीनं पुण्याला जायचे आणि रविवारी सकाळी जुन्या बाजारात उकिडवे बसून पथाऱ्या चाळायचे. चहा, वडापाव, दोन्हीकडचं तिकीट आणि हाती एखादा घासलेला रुपया. कधी तोही नकली. आता गुडघे साथ देत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी मी दोन-तीन लिलावघरांत त्यांचं खातं उघडून दिलं. पहिल्या महिन्यात ते कॅटलॉग नुसता पाहत बसायचे, बोली लावूच द्यायचे नाहीत. म्हणाले, "अगं, हे फुकटात बघायला मिळतंय तेवढं बघू दे आधी."

आणि खरा फायदा या फुकटातच निघाला, तो सांगते. १८६२ सालचा व्हिक्टोरिया रुपया घरोघरी सापडतो. साल तेच ठेवून तो १८७४ पर्यंत पाडत राहिले, आणि मुंबईच्या टांकसाळीनं खरं वर्ष कळावं म्हणून सालाच्या आजूबाजूला बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली. अण्णांना हे माहीत होतं, पण ऐकीव. बाजारात कोण ठिपके मोजू देतो? लिलावाच्या कॅटलॉगात फोटो बोटांनी ताणून मोठा केला की ठिपका न ठिपका दिसतो, शिवाय खाली लिहिलेलंही असतं की वर किती, खाली किती. एका दुपारी अण्णांनी 'डबल' अशी चिठ्ठी लावलेला डबा काढला. विकायला काढलेल्या सात १८६२ पैकी तीन डबल नव्हतेच, ठिपके वेगळे होते. एवढी वर्षं घरातच पडून होते. त्या दिवशी जेवायला हाक मारली तर ओ दिली नाही त्यांनी.

तोवर मी प्रत्येक ओळखीच्या माणसाला 'लिलावच करा' म्हणून सांगत सुटले होते. मग तो १९११ चा रुपया आला.

१९११ चा रुपया म्हणजे डुक्कर छाप. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर साखळीत एक हत्ती आहे, त्याची सोंड इतकी आखूड कोरली की लोकांना ते डुक्कर वाटलं. हिंदू-मुसलमान दोघांनीही नाकं मुरडली. चौऱ्याण्णव लाख पाडले होते, त्यातले सातेक लाखच बाहेर गेले, बाकीचे वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. अण्णांच्या ट्रेमध्ये १९१० नंतरचा तो एक खळगा कित्येक वर्षं रिकामा होता.

लॉटच्या वर्णनात 'व्हीएफ' (व्हेरी फाइन, म्हणजे कमी झिजलेलं) होतं, फोटो दोन, वजन बरोबर. कालनिर्णयावर २,४०० लिहिलेलं, मी २,६०० ला थांबले. जिंकलो. मग बिल आलं ३,६४४ चं. लिलावघराचं वीस टक्के प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून ते कापतात ते कमिशन, त्यावर टॅक्स, त्यावर विम्यासकट कुरिअर. हे नव्यांसाठी सांगते: हातोडा जिथे पडतो, म्हणजे शेवटची बोली, ती खरी किंमत नव्हे, तिच्यात प्रीमियम, टॅक्स आणि कुरिअर मिळवा आणि मग ठरवा परवडतं का. मी आता तेच करते, आधी बेरीज, मग बोली.

पार्सल आलं. अण्णांनी रुपया फडक्यावर ठेवला, नेहमीप्रमाणे आधी डोळे मिटून अंगठ्यानं कड फिरवली आणि मुकुटाच्या बरोब्बर वर थांबले. "टाका आहे," म्हणाले. भिंगातून मलाही दिसलं. नखाएवढ्या जागेत कडेच्या रेघा गायब, तिथे चांदी वितळून बसलेली आणि वर कानस मारलेली. कुणाच्या तरी पणजीच्या माळेत कडी लावून ओवलेला रुपया होता तो. आपल्याकडे हे घरोघरी चालायचं, त्यात गैर काही नाही. माळेतल्या रुपयाला किंमत कमी, एवढंच. अण्णांनी तो एवढ्याला कधीच घेतला नसता. पण वर्णनात माळेचा 'म' नव्हता, आणि समोरून काढलेल्या फोटोत टाका दिसायची सोयच नव्हती.

मी मेल केली. उत्तर आलं की नियमांत लिहिल्याप्रमाणे नाणी 'आहेत त्या स्थितीत' विकली जातात. मी कडेचे फोटो पाठवले. उत्तर आलं की हे घरी आल्यावर झालं नसेल कशावरून? हे वाचून माझी सटकली. सत्तरी ओलांडलेला माणूस घरी बसून ३,६४४ रुपयांच्या नाण्याला टाका मारील? फोन केला तर 'सर मीटिंगमध्ये आहेत'. सर दहा दिवस मीटिंगमध्ये होते.

मला वाटलं पैसे गेले. ही सगळी ऑनलाइन भानगड म्हणजे लुटायचा धंदा, असं मी घरात जाहीरही करून टाकलं. अण्णा काही बोलले नाहीत. रोज संध्याकाळी माझा फोन मागून घ्यायचे आणि कुठल्याशा जुन्या लिलावांचे फोटो बघत बसायचे. अनेक लिलावघरं संपलेल्या विक्रीचे कॅटलॉग किमतींसकट तसेच ठेवतात, काही संकेतस्थळं तर जगभरच्या लिलावांची अशी नोंद एकत्र करून ठेवतात. आठव्या दिवशी त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. १९११ चा रुपया, दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच एका घराचा लिलाव. "भुवईजवळ बघ." राजाच्या भुवईपासून कानाकडे गेलेला तिरका ओरखडा, मधे एका ठिकाणी तुटलेला. आमच्या रुपयावर तोच ओरखडा, तिथेच तुटलेला. आणि खाली वर्णनात स्पष्ट: माळेतून काढलेले, कडेवर खूण. विकलं गेलं होतं ९५० ला.

ते पान, दोन्ही ओरखडे शेजारी शेजारी लावून केलेला फोटो आणि तीन ओळी, एवढं पाठवलं. यावेळी सर मीटिंगमध्ये नव्हते. हातोड्याची रक्कम आणि प्रीमियम परत आलं, कुरिअरचे येता-जाताचे पैसे मात्र आमचेच गेले. ते अजून माझ्या डोक्यात आहेत, पण असोत.

म्हणजे ज्या ऑनलाइन लिलावाच्या प्रकारानं फसवलं, त्याच्याच जुन्या नोंदींनी सोडवलं. जुन्या बाजारात हे जमलं असतं? तिथे पथारीवाला पुढच्या रविवारी जागेवर असेल याचीच खात्री नाही. विकलेल्या नाण्याचा फोटो आणि भाव बऱ्याच ठिकाणी तसाच राहतो, हे या प्रकाराचं सगळ्यात मोठं देणं आहे आणि ते बोली न लावणाऱ्यालाही मिळतं. आता आम्ही कुठल्याही लॉटवर बोली लावायच्या आधी तसल्याच नाण्याच्या मागच्या पाच-सहा विक्री बघतो. अंदाजे किंमत लिलाववाल्यांनी काहीही छापू दे.

विकण्याचा अनुभव तितका गोड नाही. खरेखुरे डबल, १९१७-१८ चे वगैरे, लिलावाला पाठवून बघितले. ११.६६ ग्रॅमच्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, आणि या सालांचे रुपये चांदीच्या भावाच्या जरासेच वर जातात. विक्रेत्याचं कमिशन कापून हातात आलं ते गल्लीतल्या सराफानं मोडीत दिलं असतं त्याहून थोडं जास्त, आणि त्यासाठी अडीच महिने वाट. चांगल्या प्रतीचं किंवा दुर्मीळ सालाचं असेल तरच पाठवा.

बोली लावण्याबद्दल एकच. सुरुवातीला मी शेवटच्या मिनिटाला टपून बसायची. उपयोग नाही. आम्ही वापरतो त्या बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढते, आणि रात्री साडेअकराला 'अजून दोनशेच तर' असं करत माणूस कालनिर्णय विसरतो. आता दुपारीच कमाल बोली भरून ठेवते आणि स्वयंपाकाला लागते. यंत्र आपलं टप्प्याटप्प्यानं चढवतं, बऱ्याचदा कमालच्या खालीच मिळून जातं.

अमेरिकेतल्या पुतण्याला एक व्हिक्टोरिया भेट पाठवायचा विचार होता, तो अण्णांनी हाणून पाडला. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तूत मोडतं, खाजगी माणसाला परदेशी धाडता येत नाही. कॅटलॉगातही ही तळटीप असते, मीच कधी वाचली नव्हती.

तर कड. गेल्या सहा महिन्यांत बोलीआधी कडेचा फोटो मागायचा असा नियमच केलाय. एका घरातून अर्ध्या तासात व्हिडिओ येतो, रुपया चिमटीत धरून गोल फिरवून दाखवतात. दुसरं घर 'लॉट समक्ष येऊन पाहावा' म्हणतं. तिथे आता आमची बोली नाही, नाणं कितीही चांगलं असो. अण्णा म्हणतात मी जरा अतिच करते, प्रत्येक नाण्याला टाका नसतो. नसेल. पण १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली तेव्हा सरकारनं नकली रुपयांना आळा घालायला बदल केला तो कडेतच, आणि माळेची कडीही कडेलाच लागते. मग फोटो काढताना तेवढीच जागा का वगळायची?

आता ट्रेमध्ये दोन खळगे रिकामे आहेत. एक १९३९, तो रिकामाच राहणार, त्याची किंमत लाखांत जाते आणि १९३८ च्या रुपयावरचं साल कोरून १९३९ केलेले नकली त्याहून जास्त फिरतात. दुसरा तोच, १९११. या शनिवारच्या लिलावात एक आहे, लॉट दुसऱ्या सत्रात. अण्णांनी भुवई तपासली, ओरखडा नाही. कालनिर्णयावर रक्कम लिहिलीय, बेरीज धरून. कडेचा फोटो सोमवारी मागितला होता, आज गुरुवार, अजून आलेला नाही.