ब्लूजे: क्लास आणि ऑब्जेक्ट डोळ्यांना दिसतात, पण मेन मेथड लपते

आयसीएसईच्या नववी-दहावीला कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्समध्ये जावा ही प्रोग्रामिंगची भाषा असते. माझ्याकडे शिकवणीला येणारी बहुतेक मुलं ब्लूजेचं नाव शाळेतूनच ऐकून आलेली असतात. हे जावाचे प्रोग्राम लिहून चालवून बघायचं सॉफ्टवेअर, आणि तेही फुकट. विंडोज आणि मॅकच्या इन्स्टॉलरमध्ये जेडीके (जावा चालवायला लागणारा संच) सोबतच येतं, त्यामुळे ते कुठे आहे हे कॉम्प्युटरला सांगायची, म्हणजे पाथ सेट करायची, कटकट नाही. मायकल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी हे बनवलं ते शिकवण्यासाठीच, आणि वापरताना ते जाणवतं.

व्हेरिएबलसाठी (माहिती ठेवायचा, नाव दिलेला कप्पा) मी आधी व्ह्यू मेनूतून कोड पॅड उघडते. तिथे ७/२ टाकलं की ३ येतात आणि शेजारी कंसात इंट, म्हणजे पूर्णांक. ७/२.० टाकलं की ३.५, डबल, म्हणजे दशांश. पूर्ण प्रोग्राम लिहायची गरजच नाही. डेटा टाइपवर तासभर बोलून जे होत नाही ते इथे पाच मिनिटांत होतं.

पण पैसा वसूल होतो (फुकट असलं तरी!) तो ऑब्जेक्टपाशी. बहुतेक ठिकाणी क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली गणपतीची मूर्ती, असं सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण मूर्ती साच्यातून निघाली की तशीच राहते, ऑब्जेक्टमधली माहिती मात्र बदलत असते. म्हणून मी रिक्षा नावाचा क्लास लिहून घेते: मीटर हे व्हेरिएबल, चालव ही मेथड, म्हणजे रिक्षाने करायचं काम. स्क्रीनवरच्या क्लासच्या चौकोनावर राइट क्लिक करून न्यू म्हटलं की खालच्या पट्टीत लाल डबा, म्हणजे एक ऑब्जेक्ट, येतो. दुसऱ्यांदा केलं की दुसरा. दोन्हींवर इन्स्पेक्ट करून आतली माहिती दाखवणाऱ्या खिडक्या शेजारी-शेजारी लावायच्या आणि पहिलीवर चालव मेथडला ४ द्यायचे. एकीचा मीटर वाढतो, दुसरीचा शून्यावरच. "मॅम, म्हणजे प्रत्येकीचा मीटर वेगळा?" हा प्रश्न आला की माझं काम झालं. भाड्याचा दर स्टॅटिक केला की तो दोघींचा एकच, हेही मग लगेच कळतं. इन्स्पेक्टर प्रायव्हेट, म्हणजे क्लासबाहेरून न दिसणारे, व्हेरिएबलही दाखवतो, तेव्हा चौकस पोरं "मग प्रायव्हेट कसलं?" म्हणून अडवतातच. तयारीत राहा.

आता त्रासाचं. क्लासमध्ये बदल करून पुन्हा कंपाइल केलं (कोड चालण्याजोगा करून घेतला) की खालचे सगळे डबे गायब, पुन्हा न्यू करत बसा. मेथडच्या खिडकीत नाव टाकताना अवतरणचिन्हं विसरली की 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल' (असं नाव सापडत नाही) येतं, आणि सुरुवातीला सगळेच विसरतात.

खरी तक्रार वेगळी आहे. मेथड राइट क्लिकने चालते, आकडे खिडकीत देता येतात, त्यामुळे मेन मेथड (जिथून प्रोग्राम सुरू होतो) आणि स्कॅनर (कीबोर्डवरून माहिती घेणारा) न लिहिताच मुलांचं भागतं. बोर्डाचे प्रोग्राम छान लिहिणारी मुलगी अकरावीत साध्या एडिटरसमोर बसली की "हे चालू कुठून होतं?" विचारते. दोष ब्लूजेचा अर्धाच, उरलेला शिकवणाऱ्यांचा. दहावीच्या दुसऱ्या सहामाहीत मी निदान काही प्रोग्राम कमांड प्रॉम्प्टवर जावासी (कंपाइल करायला) आणि जावा (चालवायला) टाइप करूनच चालवायला लावते.

पाचपैकी चार तारे, तेही जावा शिकणाऱ्या नवख्यांसाठी. पोरगं पायथन शिकत असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.