अल्डोस्टेरॉन वाढले असता: शस्त्रक्रिया की कायमची गोळी?

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी शरीराची गरज नसतानाही अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवू लागल्या की शरीरात मीठ साठते, लघवीवाटे पोटॅशियम निघून जाते आणि रक्तदाब चढतो. जेरोम कॉन यांनी १९५५ साली वर्णन केलेल्या या विकारात तेवढ्याच रक्तदाबाच्या इतर रुग्णांपेक्षा पक्षाघात, हृदयाची अनियमित लय आणि मूत्रपिंडाची हानी यांचा धोका अधिक असतो. त्यामुळे नुसता रक्तदाब उतरवून भागत नाही.

शस्त्रक्रिया की गोळी, हे दोष एका ग्रंथीत आहे की दोन्हींत, यावर ठरते. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणजे तीच दोषी असे नव्हे, कारण वयानुसार निरुपद्रवी गाठीही आढळतात. म्हणून पस्तिशीनंतर शस्त्रक्रियेचा विचार असल्यास दोन्ही ग्रंथींच्या शिरांमधून रक्त घेऊन तुलना करणे सहसा आवश्यक ठरते. उजवीकडची शीर आखूड असल्याने ही तपासणी कठीण असते. ती नेहमी करणाऱ्या केंद्रातच करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

दोष एकाच बाजूला असेल आणि प्रकृती भूल सोसण्याजोगी असेल, तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. मात्र अपेक्षा नेमकी ठेवावी: २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ७०५ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात संप्रेरकाचा दोष ९४ टक्के रुग्णांत दूर झाला, पण रक्तदाबाची औषधे पूर्णपणे सुटून रक्तदाब सामान्य राहिला तो ३७ टक्के रुग्णांतच. तरुण वयात आणि रक्तदाब अल्पकाळच राहिलेला असताना ही शक्यता वाढते.

दोन्ही ग्रंथी दोषी असतील, तर गोळ्याच योग्य. स्पायरोनोलॅक्टोन स्वस्त आणि परिणामकारक आहे, परंतु पुरुषांत स्तनवाढ व स्त्रियांत पाळीची अनियमितता होऊ शकते. एप्लेरेनोनमध्ये हा त्रास कमी, पण ते महाग असून बहुधा दिवसातून दोनदा घ्यावे लागते. गर्भधारणेचा विचार असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगावा. दोन्ही गोळ्यांनी पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, म्हणून नियमित रक्ततपासणी टाळता येत नाही; शहाळ्याचे पाणी किंवा ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे, पोटॅशियमयुक्त मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मात्रा ठरवताना रक्तदाबासोबत रेनिनची (मूत्रपिंडांतून स्रवणारे, अल्डोस्टेरॉन वाढले की दबणारे द्रव्य) दबलेली पातळी वर आली का, हेही पाहण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करावी.