पोटावरच्या रेषा: तिळाचं तेल की मंडूकपर्णीचं मलम?

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात पोटावर जांभळ्या रेषा उमटल्या, तेव्हा आईने इतवारी बाजारातून घाण्याचं तिळाचं तेल आणलं. मैत्रीण म्हणाली, मंडूकपर्णी या औषधी वनस्पतीचं मलम लाव.

तेलाबद्दल आधी. रोज रात्री कोमट करून लावलं की खाज थांबायची, ताणलेली कातडी मऊ पडायची. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा दिलासा मोठा होता. पण रेषा वरच्या कातडीत नसतात, खालचा थर ताणून फाटतो तिथे असतात. तेल तिथवर जात नाही. म्हणून ‘तेल लावलं असतं तर रेषा आल्याच नसत्या’ असं पोरींना सुनावणं थांबवा. शरीराची ठेवण आणि आनुवंशिकता यांचा वाटा त्यात मोठा असतो.

मंडूकपर्णीच्या बाजूने थोडा तरी अभ्यास झालाय, पण पुरावा तोकडाच. घोटाळा नावाचा आहे. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून दोन वनस्पती विकतात. मंडूकपर्णीचं पान गोल, कंगोरेदार. दुसरीची पानं बारीक, मांसल. केसांचं ब्राह्मी तेल पोटाला चोळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. डबीवर ‘सेंटेला’ (मंडूकपर्णीचं शास्त्रीय नाव) लिहिलंय का बघा, आणि गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच लावा.

माझा कौल? खाजेसाठी तेल. मलम लावायचंच तर रेषा लाल-जांभळ्या असताना. पांढऱ्या पडलेल्या रेषांवर पैसे घालवू नका.

आणि लिंबू दोन्हींत नको. रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते, काळे डाग पडतात.