नाणी जमवण्याचा ‘स्टार्टर किट’: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी नाणी जमवायला सुरुवात केली, ती ऑनलाइन मिळणारा एक ‘स्टार्टर किट’ मागवून. खोक्यात एक भिंग, सुती हातमोजे, प्लॅस्टिकच्या कप्प्यांचा अल्बम आणि ‘पन्नास जुनी नाणी’ असं छापलेली पुडी होती. महिन्याभराने सराफाकडे असतो तसला, पण खिशात मावणारा वजनकाटा वेगळा घेतला. आता उन्हाळा लागलाय आणि सगळ्या वस्तू भरपूर वापरून झाल्या आहेत. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण हाच माल दहा ठिकाणी दहा नावांनी मिळतो. मत आधीच सांगते: काट्याचे पैसे वसूल झाले, भिंगाने छंदाची गोडी लावली, अल्बमने नाणी खराब केली आणि पुडीसाठी एक रुपयाही मोजू नये.

भिंगापासून सुरुवात करते. त्याच्यावर ‘30 एक्स’, म्हणजे तीसपट मोठं दाखवणारं, असं छापलंय. तेवढं मोठं ते दाखवत नाही, आणि कडेची अक्षरं वाकडी दिसतात. आत बसवलेला एलईडी स्टीलच्या नाण्यावर असा चमकतो की खूण दिसायच्या ऐवजी नुसता पांढरा डाग दिसतो. तरी त्याच भिंगाने मला पहिल्यांदा नाण्यावरच्या सालाखालची बारीक खूण बघायला शिकवलं, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. नंतर 10 एक्सचं घडीचं साधं भिंग आणलं, सराफ आणि घड्याळजी वापरतात तसलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट हेच घ्यावं. ते डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि नाणं हळूहळू जवळ आणायचं. दिवा लावण्यापेक्षा सकाळी खिडकीतून तिरका येणारा उजेड चांगला.

भिंग हातात आल्यावर घरातल्या चिल्लरचं रूपच पालटतं. आपल्याकडे चार सरकारी टांकसाळी नाणी पाडतात, आणि नाणं कुठल्या टांकसाळीचं ते बहुतेक वेळा सालाखालच्या खुणेवरून कळतं. काहीच खूण नसेल तर कोलकाता. हिऱ्यासारखा उभा छोटा चौकोन असेल तर मुंबई, म्हणजे फोर्टातली टांकसाळ. पाच टोकांची चांदणी हैदराबादची आणि गोल ठिपका नोएडाचा. नोएडा सगळ्यांत नवी, 1988 मधली. लिहायला सोपं आहे, पण हाताळून झिजलेल्या दोन रुपयांवर हिरा कुठला आणि ठिपका कुठला हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. हिऱ्याची टोकं झिजली की तो ठिपक्यासारखाच दिसतो. नाणं थोडं फिरवलं तर हिऱ्याची एखादी कड उजेडात चमकते, ठिपका मात्र कुठूनही सारखाच दिसतो. मला हे जमायला बरेच दिवस लागले आणि ते जमल्याचा आनंद अजून ताजा आहे.

परदेशात पाडून आणलेली नाणीही याच सवयीमुळे सापडतात. 1985 चे काही रुपये ब्रिटनमध्ये पाडून घेतले होते. त्यातल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीच्या रुपयावर सालाजवळ बारीक इंग्रजी ‘एच’ असतो. पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रिटोरिया, मेक्सिको, मॉस्को इथूनही नाणी आली. ‘एच’चा रुपया मला आमच्या वाण्याच्या बरणीत मिळाला, दर्शनी किमतीला. सगळा व्यवहार मोबाइलवर व्हायला लागल्यापासून वाण्याकडे मोड पडून असते. नोटा देऊन मूठभर नाणी मागितली तर तो खुशीने देतो. मी घरी आणते, निवडते, नको ती परत नेऊन देते.

आता काटा. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा आहे, चारशेच्या आत मिळाला. पंखा चालू असेल तर शेवटचा आकडा नाचत राहतो, म्हणून पंखा बंद करून वजन करावं लागतं. सोबत आलेल्या वजनाने मधूनमधून तपासते, अजून फरक पडलेला नाही. सेल बरेच महिने टिकले. एवढ्या पैशांत याहून जास्त मागणं नाही.

काट्याचा खरा उपयोग घरातल्या राणीछाप रुपयावर झाला. सासूबाईंच्या देवघरात लक्ष्मीपूजनाचे काही रुपये आहेत, त्यातला एक त्यांना कोणीतरी ‘नकली दिसतोय’ म्हणून सांगितलं होतं आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. व्हिक्टोरियाच्या रुपयाचं मूळ वजन 11.66 ग्रॅम, व्यास साडेतीस मिलिमीटर, चांदी 91.7 टक्के. हा रुपया 11.60 भरला. पण वजन जुळलं म्हणजे चांदी खरी असं होत नाही, जाड पाडलेलं खोटं नाणंही तेवढंच भरू शकतं. म्हणून पाण्याची परीक्षा घेतली. काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, मग नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. आमचा आकडा आला 1.12. 11.60 ला त्याने भागलं तर 10.36, ही नाण्याची घनता. शुद्ध चांदीची घनता 10.5 च्या आसपास असते, 91.7 टक्क्यांची त्याहून जराशी कमी, पितळ किंवा तांबं-निकेलचं नाणं असतं तर उत्तर नवाच्याही खाली आलं असतं. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे माझ्या आईने दिलेला खराच आहे ना गं?” हो म्हटलं.

मग तोच रुपया भिंगाखाली धरला. राणीच्या गालावर आणि मुकुटावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघांचं जाळं होतं. “दर दिवाळीला रांगोळीने घासते की मी,” त्या म्हणाल्या. पूजेतली चांदी लखलखीत हवी हे त्यांचं बरोबरच आहे, आणि ते रुपये पूजेचेच राहणार आहेत. पण संग्रहात ठेवायचं नाणं रांगोळी, राख, चिंच, टूथपेस्ट कशानेही घासायचं नाही, हे त्या रेघा पाहिल्यावर जितकं पटलं तितकं नुसतं वाचून पटलं नव्हतं. घासलेल्या नाण्याचा वरचा थर एकदा गेला की तो परत येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक त्याची किंमत लगेच खाली आणतो.

राणीछापाविषयी आणखी एक. ‘व्हिक्टोरिया क्वीन’ लिहिलेला असेल तर रुपया 1876 पर्यंतचा, ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ असेल तर 1877 पासून पुढचा. 1862 साल असलेले रुपये इतके जास्त का सापडतात, याचंही कारण आहे: तेच साल ठेवून 1874 पर्यंत रुपये पाडले गेले. त्यांच्यावरचे बारीक ठिपके मोजून वर्ष ठरवणारे अभ्यासक आहेत. मी अजून तिथवर पोचलेले नाही.

काट्यासोबत एक लोहचुंबक ठेवा, फ्रिजवर लावतात तसलं साधं चालेल. 1947 चा मागे वाघ असलेला रुपया निकेलचा आहे, तो चिकटतो. 1975 नंतरचा तांबं-निकेलचा रुपया चिकटत नाही. 1992 ला आलेला स्टीलचा रुपया पुन्हा चिकटतो, त्याचं वजन 4.85 ग्रॅम. आमच्या घरातल्या शाळकरी मुलाला या खेळाने नाण्यांच्या नादाला लावलं.

अल्बमबद्दल मात्र तक्रार आहे, आणि सविस्तर आहे. कप्पे मऊ, वाकणारे, उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास. हा वास म्हणजे पीव्हीसी नावाचं प्लॅस्टिक. मी ठाण्यात राहते, पावसाळ्यात इथे कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. गणपतीच्या सुमारास अल्बम उघडला तर भोकाच्या पैशांवर आणि जुन्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर बसला होता. तांबं-निकेलच्या पन्नास पैशांवरही थोडा होता. स्टीलच्या नाण्यांना काही झालं नव्हतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते दमट हवेत बाहेर येतं आणि तांब्यावर बसतं. नाणी वाचवायला शुद्ध अॅसिटोन लागलं. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात सुगंध आणि तेल असतं. खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, काचेच्या वाटीत नाणी बुडवून ठेवली, घासली नाहीत. थर गेला. पण भोकाच्या एका पैशावर खालचा धातू खाल्ला गेला होता, तो डाग कायमचा.

त्याऐवजी आता पुठ्ठ्याचे दोन इंची चौकोनी होल्डर वापरते, ज्यांच्या मधल्या खिडकीला मायलर या पारदर्शक प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते. नाण्याच्या व्यासाप्रमाणे खिडकी निवडायची, स्टेपल मारून झाल्यावर पिना पकडीने सपाट करायच्या, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो. दमट गावात पिना गंजतात, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि पावसाळ्यात त्या बदलते. पुठ्ठ्यावर साल, टांकसाळ, वजन आणि कुठे मिळालं ते लिहायला जागा असते, हा मोठा फायदा.

हातमोजे वापरले नाहीत. त्यातून नाणं निसटतं. हात धुऊन, कोरडे करून, नाणं काठाला धरलं की पुरे.

पुडीतली पन्नास नाणी बहुतेक वीस, दहा, पाच पैसे होती. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली, त्यामुळे ती अजून किलोने मिळतात. पण त्यात ‘1818’ सालाचं, एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं एक जाड नाणं होतं, आणि ते ‘दुर्मिळ’ म्हणून वेगळ्या कागदात गुंडाळलेलं. हे नाणं नव्हेच. कंपनीने असं नाणं कधी पाडलेलं नाही, आणि तिच्या सर्व भागांसाठीची एकसारखी नाणी सुरू झाली तीच 1835 मध्ये. देवळांबाहेर आणि बाजारात असे तुकडे ढिगाने विकले जातात. ज्यांच्या देव्हाऱ्यात असेल त्यांनी श्रद्धेने ठेवावं, पण ते लाखोंना जाईल या आशेवर कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्यालाही लाखो मिळतील असं असंच सांगितलं जातं, ते नाणं मात्र खरं आहे. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी शुल्क, कर किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, अशी जाहीर सूचना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच दिली आहे. आपल्या नावाने असे पैसे मागायला कोणालाही नेमलेलं नाही, हेही बँकेने त्यात स्पष्ट केलंय. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा, फसवले जातात ते तेच.

मराठी घरातून या छंदात आलेल्या प्रत्येकाला शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, हवी असते. मलाही हवी आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, एवढीच अक्षरं, आणि तरी हातात घेताना ऊर भरून येतो. पण ती पहिल्या वर्षात विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. बाजारात ओतीव नकला फार आहेत. खऱ्या शिवराईत ठसा बहुतेक वेळा थोडा सरकलेला असतो आणि सगळी अक्षरं क्वचितच पूर्ण येतात. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मऊ असतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात आणि काठावर कधी जोडाची रेघ. हा फरक ओळखायला आधी बऱ्याच खऱ्या शिवराया डोळ्यांखालून जायला हव्यात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ आंजनेरीला तर नाणकशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था आहे. तिथे जाऊन बघत राहावं. कायदाही माहीत हवा: शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही, आणि शेतात नांगरताना जुन्या नाण्यांचं गाडगं सापडलं तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

तोवर खर्च न करता सुंदर संग्रह होतो. 1990 चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, 1999 चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे शिवछत्रपतींचे दोन रुपये, 2007 चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. ही सगळी चलनात आलेली नाणी आहेत.

तर किट घ्यावा का? नाही. 10 एक्सचं भिंग, काटा, लोहचुंबक आणि होल्डरचं एक पाकीट सुटं घ्या, किटच्याच पैशांत येतं.

मी सध्या ‘नया पैसा’ मालिकेवर आहे. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली, रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर पैसे झाले, आणि जुन्या पैशाशी गोंधळ होऊ नये म्हणून 1964 पर्यंत नाण्यांवर ‘नया’ राहिलं. त्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असा हिशेबही देवनागरीत लिहिलेला असतो. बहुतेक नाणी थोडक्या पैशांत मिळाली. एक नया पैसा 1962 मध्ये ब्राँझमध्येही पाडला गेला आणि पिवळसर निकेल-पितळेतही. ब्राँझचा माझ्याकडे आहे, पिवळा अजून शोधते आहे.